एकाच स्क्रूखाली दोन वायरी

टण्! टेबलाखाली चमचा पडला आणि इतका वेळ गप्प असलेले घर दचकले.

चमचा टिकलीचा होता. एरवी या घरात चमचा पडला की सगळी एकदम बोलायची. "पाडलास ना!" आई म्हणायची. "पडू दे गं, चमचाच आहे, आरसा नाही," आजोबा म्हणायचे. आणि टिकली म्हणायची, "मी नाही पाडला, त्यानेच उडी मारली." त्या दिवशी मात्र कोणीच काही बोलले नाही. आजोबा खुर्चीतून वाकले आणि फरशीवर चमचा चाचपू लागले. चमचा त्यांच्या हातापासून वीतभर लांब चकाकत होता. आईने ते पाहिले आणि मान फिरवली. मग तीच उठली, चमचा उचलला, धुतला आणि टिकलीच्या ताटात ठेवला.

"अजून वाढू?" तिने विचारले.

"नको," आजोबा म्हणाले.

झाले, संपले बोलणे.

मित्रांनो, हे सारे मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावरून पाहत होतो. साबणाची वडी आणि कात्री यांच्यामध्ये मला ठेवले होते. मी कोण? मी एक म्हातारा टेंपरेचर मीटर आहे. तळहाताएवढा गोल चेहरा, वर काच, आत आकडे, अर्धवर्तुळाच्या टोकाला लाल पट्टा आणि मधोमध एक बारीक काटा. एका प्रवासी बोटीच्या इंजिनाला किती ताप चढला आहे ते सांगायचे, एवढेच माझे जन्माचे काम. इंजिन दुरुस्तीसाठी उघडून पडले होते, म्हणून मला तात्पुरते घरी आणले होते. घरात हा जो गप्पपणा वस्तीला आला होता, त्याचा माझ्याशी फार जवळचा संबंध आहे. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म लांबलचक टेबलांच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने चिमट्यात धरून माझा काटा बसवला. बसवताना तिने श्वास रोखून धरला होता, कारण काटा केसभर जरी तिरका बसला तरी मी जन्मभर खोटे बोललो असतो. काटा सरळ बसला तेव्हा ती हसली. माझ्याकडे पाहून कोणी हसले, ते पहिले.

माझ्याबरोबर एक बहीणही जन्माला आली. लोक तिला सेन्सर म्हणतात. पितळेची आहे, अंगठ्याएवढी. आमची जोडी अशी की ती राहते इंजिनाच्या पोटात, गरम पाण्यात, आणि मी राहतो वर केबिनमध्ये, वाऱ्यावर. आमच्यामध्ये एकच वायर. मी त्या वायरीतून थोडी वीज तिच्याकडे पाठवतो. पाणी गार असेल तर ती वीज अडवून धरते, पाणी तापले की सोडून देते. ती किती अडवते त्यावरून मला कळते की खाली काय चालले आहे, आणि मी काटा हलवतो. चटके तिला बसतात आणि शहाणा मी ठरतो. तिने कधी तक्रार केली नाही.

टिकलीचे आजोबा तेव्हा आजोबा नव्हते. दाट काळ्या मिशांचे एक तरुण गृहस्थ होते आणि नुकतीच स्वतःची बोट बांधून घेतली होती. दुकानात त्यांनी मला उजेडात धरून पाहिले आणि दुकानदाराला विचारले, "खोटं बोलणार नाही ना हा?"

"माणसापेक्षा कमी," दुकानदार म्हणाला.

"मग चालेल."

असा मी बोटीवर आलो. बोट रुंद पाण्यावरून या काठाची माणसे त्या काठाला नेई. शाळेची पोरे, दवाखान्यातल्या नर्सबाई, सायकली, कोंबड्यांच्या टोपल्या, एकदा तर अख्खे लाकडी कपाट आणि त्याच्या आत लपून बसलेला एक फुकट्या प्रवासी. आजोबांना सगळे कप्तान म्हणत. किल्ली फिरवण्याआधी ते सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसत आणि विचारत, "काय राव, बरं आहे ना?" उतारू हसत. "कप्तान, तो उत्तर देतो का?" कोणी विचारले की ते म्हणत, "देतो. तुमच्यासारखा दहा वाक्यं बोलत नाही, एवढंच."

आणि मी उत्तर देतच होतो. एकदा भर बाजाराच्या दिवशी पाण्याची नळी निसटली आणि बहिणीने खालून असा निरोप धाडला की माझा काटा सरसर लाल पट्ट्याकडे निघाला. आजोबांनी तत्क्षणी इंजिन बंद केले. उतारू कावले.

"अहो कप्तान, बाजार उठेल तिकडे!"

"उठू दे. बोट पेटली असती तर बाजाराला पोहत गेला असतात का?"

नळी बसवली, इंजिन निवले, बोट पुढे गेली. उतरताना सगळे त्यांना शाबास म्हणू लागले तेव्हा त्यांनी अंगठ्याने माझ्याकडे खूण केली. "मला काय सांगता? याला सांगा." कोंबड्यांच्या टोपलीवाल्या आजीबाईंनी खरेच आत येऊन मला हात जोडले. मित्रांनो, एका मीटरला याहून जास्त काय हवे?

आजोबांची लेक, म्हणजे टिकलीची आई, याच केबिनमध्ये वाढली. शाळेत जाण्याआधी ती आकडे शिकली ते माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवून. झोप आली की ती सुकाणूखालच्या फळीवर पाय पोटाशी घेऊन निजायची आणि आजोबा एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने तिच्यावर आपला कोट ओढायचे. मोठी झाल्यावर तिने स्वतःच सुकाणू हातात घेतले. पुढे टिकली झाली. तीही त्याच फळीवर निजू लागली.

हळूहळू आजोबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. डोळ्यांवर चष्मा आला, मग त्याच्या काचा जाड झाल्या. लेक पाहत होती. धक्क्याला बोट लावताना ते हल्ली एकदा थांबून अंदाज घेत. लांबची होडी त्यांना उशिरा दिसे. एके सकाळी त्यांनी चहा कपात ओतला तो निम्मा बशीबाहेर. "हात थरथरला," ते म्हणाले. हात थरथरला नव्हता, हे तिला कळले आणि मलाही. पण बापाला कसे सांगायचे की बाबा, आता पुरे? ती रोज ठरवायची आणि रोज तिच्या ओठांवर दुसरेच काही यायचे. "बाबा, टोपी घ्या, ऊन आहे."

शेवटी तिने दुसरा मार्ग काढला. बोटीला नवी स्क्रीन बसवायची. पाण्याची खोली, वेग, डिझेल, इंजिनाचा ताप, सगळे एका ठिकाणी, बोटभर मोठ्या आकड्यांत. आजोबांना दिसायला सोपे जाईल, आणि सोपे जाईल म्हणून विषयच काढावा लागणार नाही.

"बसव की," आजोबा म्हणाले. "पण याला काढायचं नाही." त्यांनी माझ्या काचेवर हात ठेवला.

"नाही काढत, बाबा. दोघंही राहतील."

स्क्रीन बसवायला आले ते वायरमनकाका. गोल पोट, कानामागे पेन्सिल, आणि धक्क्यावरच्या अर्ध्या बोटींच्या पोटात शिरून आलेला माणूस. त्यांनी बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक जाड केबल ओढली आणि त्या केबलीला सगळ्यांना जोडले. तिला ते नेटवर्क म्हणत. केबलीच्या दोन्ही टोकांना एकेक टोपण घातले, म्हणजे आतले निरोप टोकाला आपटून परत फिरत नाहीत. इंजिनाच्या तापासाठी एक काळी डबी आणली. सेन्सरचे बोलणे ऐकायचे आणि ते नेटवर्कवर टाकायचे, हे तिचे काम.

"या डबीला सेन्सर नवा लागेल की आहे तोच चालेल?" टिकलीच्या आईने विचारले.

"आहे तो चांगला आहे. चालतो की, सगळे असंच करतात." आणि माझ्या बहिणीच्या डोक्यावर जो एक स्क्रू होता, ज्याखाली इतकी वर्षे फक्त माझी वायर होती, त्याच स्क्रूखाली काकांनी डबीचीही वायर दाबून बसवली. मग इंजिन तापवून, हातातल्या तापमापकाशी ताडून त्यांनी स्क्रीनवरचा आकडा अचूक लावून दिला.

माझ्याशी कोणी काही ताडून पाहिले नाही. मी जुना, मी बरोबरच असणार, असे सगळ्यांनी धरले. किती प्रेमाने धरले! आणि त्याच प्रेमाने घात केला.

कारण त्या दिवसापासून बहिणीचा आवाज मला विचित्र ऐकू येऊ लागला. पूर्वी तिला फक्त मी विचारायचो. आता मीही वीज पाठवायचो आणि डबीही पाठवायची, त्याच वेळी, त्याच स्क्रूवर. बिचारी पूर्वीइतकीच सोडत होती, पण मला वाटे ती जास्त अडवते आहे. जास्त अडवते, म्हणजे पाणी गार. माझा काटा मुकाट्याने खाली सरकला.

आजोबांना ते पहिल्या काही दिवसांतच दिसले. जाड काचेतून, डोळे बारीक करून, पण दिसले. "अगं, काटा हल्ली खाली का राहतो?"

"स्क्रीन बसवली त्याच दिवशी मेकॅनिकने इंजिन आतून साफ केलं ना बाबा. थंड राहणारच आता."

"हं," आजोबा म्हणाले. पटण्यासारखे होते.

स्क्रीन मात्र वेगळीच रडत होती. केबलीच्या पुढच्या टोकाचे टोपण इंजिनाच्या हादऱ्याने सैल झाले होते. कधी तिच्यावरचे सगळे आकडे गायब होत, कधी काहीच नसताना ती किंचाळत सुटे. सुरुवातीला उतारू घाबरत. नंतर तेच आजोबांना सांगू लागले, "कप्तान, तुमच्या सूनबाई ओरडतायत." आजोबा बटण दाबून तिला गप्प करत आणि माझ्याकडे पाहत. मी ठीक म्हटले की ठीक. जन्मभराची सवय.

त्या दुपारी बोट भरलेली होती. टिकलीची आई पुढच्या बाजूला उतारूंच्या सायकली बांधत होती, आजोबा सुकाणूवर होते. पाण्यात वाहत आलेला प्लास्टिकचा कागद बोटीच्या तळाला पाणी ओढायच्या तोंडावर चिकटला आणि इंजिनाचे पाणी तुटले. खाली बहीण भाजून निघाली. तिने सांगितले, होते नव्हते तेवढे बळ लावून सांगितले. माझा काटा हललाही. पण जिथे लाल पट्ट्यात घुसायला हवा होता तिथे तो जेमतेम मधोमध येऊन थांबला. मी त्याला पुढे लोटू शकत नव्हतो, मित्रांनो. मीटरला स्वतःचे मत नसते.

स्क्रीन किंचाळली. आजोबांनी बटण दाबले. माझ्याकडे वाकून, अगदी नाक लागेल इतके जवळून पाहिले. काटा मधे. "काय राव, बरं आहे ना?" ते म्हणाले, आणि बोट तशीच पुढे गेली.

मग फळ्यांमधून पांढरी वाफ आली. एक दणका झाला आणि इंजिन गप्प झाले. बोट भर प्रवाहात आडवी होऊन वाहू लागली, सरळ पुलाच्या दगडी खांबांकडे. मुले रडू लागली, एक बाई बोचके उराशी धरून सगळ्यांना शिव्या देत सुटली. टिकलीच्या आईने दोर फेकला, मागून येणाऱ्या वाळू वाहणाऱ्या होडीतल्या माणसांनी तो पकडला, आणि खांब दोन हातांवर असताना बोट ओढली गेली. कोणाला ओरखडा नाही आला. त्या दिवशीचे तेवढेच चांगले.

ती धावत केबिनमध्ये आली. इंजिन बंद झाल्यावर आजोबांनी किल्ली मागे फिरवली होती, आणि किल्ली बंद झाली की माझा काटा शून्यावर पडतो. साक्ष द्यायची तीच वेळ आणि मी शून्यावर बसलेला. स्क्रीन बटण दाबूनही पुन्हा ओरडली होती, हे तिने पुढून ऐकलेच होते.

"काटा लाल झाला नव्हता?"

"नव्हता," आजोबा म्हणाले. "मधे होता."

"मधे? बाबा, इंजिन फुटलं! काटा वर गेला होता आणि तुम्हाला दिसला नाही!" दारात उतारू गोळा झाले होते. तिचे हात दोराने सोलले होते, टिकली कोपऱ्यात फळीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. दोन वर्षे ओठांपर्यंत येऊन परत गेलेले सगळे एकदम बाहेर पडले. "तुम्हाला दिसत नाही आता! कबूल करा ना एकदाचं!"

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. माझ्याकडे पाहिले. मी शून्यावर. ते म्हणाले, "असेल."

"असेल," एवढाच शब्द. धक्क्याला लागल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि बोटीवरून उतरले. त्यानंतर ते पुन्हा चढले नाहीत. रोज दुपारी धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसत, पाण्याकडे तोंड करून. कोणी विचारले, "कप्तान, आज इकडे?" तर सांगत, "नजर गेली राव." टिकलीला गोष्ट वाचून दाखवायचे तेही त्यांनी सोडले. पुस्तक तिच्या हातात परत देत. "आईला सांग वाचायला. मला काय दिसतंय?" मोठाली चित्रे, मोठाली अक्षरे त्यांना छान दिसत होती. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास एकदा उडाला की दिसलेलेही खरे वाटत नाही.

म्हणून ते घर इतके गप्प होते.

काही दिवसांनी, आजोबा बाकावर गेलेले पाहून, वायरमनकाका घरी आले. बोटीवर इंजिन सुटे पडलेले, म्हणून त्यांनी सगळे नेटवर्कच उचलून आणले होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर केबल पसरली, काळी डबी ठेवली, स्क्रीन फळांच्या टोपलीला टेकवून उभी केली, खाली बॅटरी. मला साबणाशेजारून उचलून जोडले. आणि माझ्या बहिणीला दोरीने बांधून चुलीवरच्या पातेल्यात सोडले. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघे एका खोलीत होतो.

"काय शिजवतोय आपण?" टिकलीने पातेल्यात डोकावून विचारले.

"सेन्सरचं सूप," काका म्हणाले. "मीठ आणतेस?"

टिकली खरेच मीठ आणायला निघाली. आईने तिला कडेवर घेतले आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या केसांत तोंड खुपसून हसली.

काकांना स्क्रीन वारंवार का ओरडते ते शोधायचे होते. त्यांनी मल्टिमीटर नावाच्या मोजयंत्राने केबलीतल्या दोन तारा वीज किती अडवतात ते मोजले आणि जीभ चावली. "बघा, ताई. एक टोपण सैल आहे, म्हणून आकडा दुप्पट येतोय. हे मीच घट्ट करायला हवं होतं." टोपण नीट बसवायचे म्हणून त्यांनी नेटवर्कची वीज तोडली. स्क्रीन मावळली, डबीचा दिवा विझला.

आणि माझा काटा उडाला.

पाणी उकळत होते. डबी गप्प झाली आणि बहिणीचा आवाज मला कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा, एकटीचा, स्वच्छ ऐकू आला. काटा मधोमध होता तो झर्रकन लाल पट्ट्यात जाऊन उभा राहिला.

"आई, हा लाल झाला!" टिकली ओरडली.

काकांनी वीज परत जोडली. काटा खाली आला. तोडली. वर गेला. पुन्हा जोडली. पातेल्यातले पाणी तसेच खदखदत होते.

आईने टिकलीला खाली ठेवले. ती उठून भांडी घासायच्या सिंककडे गेली आणि नळ सोडला. पाणी सिंकमध्ये पडून भोकातून निघून जात होते. मग तिने पलीकडचा दुसरा नळही सोडला. दोन नळांचे पाणी भोकाला पुरेना, ते तुंबून वर चढू लागले.

"असंच ना, काका?" ती सिंककडे बघत म्हणाली. "भोक तेवढंच आहे. पण ज्याला एकच नळ माहीत, त्याला वाटणार भोक लहान झालं."

"असंच, ताई. स्क्रीनला मी दोन्ही नळ चालू ठेवून शिकवलं. या म्हाताऱ्याला कोणी सांगितलंच नाही." काकांनी कानामागची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली. "म्हणजे कप्तानांना काटा मधे दिसला, तो मधेच होता."

आईने नळ बंद केले नाहीत. पाणी काठाला आले तेव्हा काकांनीच उठून ते बंद केले.

"उपाय सोपा आहे," ते म्हणाले. "मीटरला त्याचा हा सेन्सर, डबीला वेगळा. अर्ध्या दिवसाचं काम. कप्तानांना मी सांगतो बाकावर जाऊन."

"नको."

"ताई?"

"आत्ता नका सांगू. सांगितलं की ते उद्या सुकाणूवर उभे राहतील. काका, त्यांना खरंच कमी दिसतं. त्या दिवशी दिसलं, पण लांबची होडी दिसत नाही. दोन वर्षं मी जीव मुठीत धरून बसत होते त्या बोटीवर."

"मग ते सांगा ना त्यांना. जे आहे ते. जे झालंच नाही ते त्यांच्या माथी कशाला?"

तिने सिंकच्या काठावरचे पाणी पुसले. पुसतापुसता म्हणाली, "मी सांगेन. माझं मी सांगेन." मग खाली वाकून टिकलीचा झगा नीट केला. "आणि तूही आजोबांना काही बोलायचं नाही. आई सांगणार आहे. बरं?"

"बरं," टिकली म्हणाली.

त्या संध्याकाळी आजोबा परतले तेव्हा तिने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, चादर बदलली, चष्मा स्वतः पुसून दिला. "बाबा," ती म्हणाली. "काय गं?" "काही नाही. पाणी तापवलंय." दुसऱ्या दिवशीही बाबा म्हणून हाक मारली आणि पुढे बाजाराचे काहीतरी बोलली. मी कट्ट्यावर होतो. माझ्यापुढे रोज एक हाक अर्धी राहत होती. माणसाच्या घशातही दोन वायरी एका स्क्रूखाली आल्या की असेच होत असावे. खाली उकळत असते आणि वर काटा काही भलतेच दाखवतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, गाडीत कितीतरी जुन्या वस्तू असतील. त्यांची काच पुसा, वायरी मोकळ्या ठेवा, नवी वस्तू आणलीत तर जुन्या वस्तूलाही तेव्हाच एकदा तपासून घ्या, ती नेहमीची म्हणून सोडू नका. माझ्यासारख्यासाठी एवढे पुरे आहे. माणसांसाठी काय करायचे, ते मला नीट ठाऊक नाही. मला फक्त एवढे कळते की चुकीचा आकडा दुरुस्त करायला अर्धा दिवस लागतो आणि त्या आकड्यापायी ज्याला बोल लावला गेला, त्या माणसाचे खाली गेलेले डोके मला वर करता येत नाही. कितीही वीज दिली तरी नाही.

आज सकाळी इंजिन परत बसले. मी माझ्या जुन्या भोकात आलो, बहीण इंजिनाच्या पोटात गेली, तिच्या डोक्यावर पुन्हा माझी एकटीच वायर. टिकलीच्या आईने किल्ली फिरवली. बहीण बोलली, मी काटा उचलला, जिथे असायला हवा तिथेच. शेजारी स्क्रीनवर तोच आकडा आला. वायरमनकाका टाळी वाजवून धक्क्यावर उतरले. उतारू चढू लागले, सायकली आल्या, नर्सबाई आल्या.

काचेपलीकडे, धक्क्यावरच्या बाकावर, आजोबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. बोट सुटते आहे हे आवाजावरून कळून त्यांनी हात वर केला, आणि चुकून थोडा दुसऱ्याच दिशेला हलवला.

टिकली फळीवर उभी राहिली. तिने काचेवर बोट ठेवून माझा काटा पाहिला, मग स्क्रीन पाहिली, मग बाकाकडे पाहिले. तिने दिलेला शब्द पाळला होता. आजोबांना ती काहीच बोलली नव्हती. आता तिने आईच्या कमरेला मिठी मारून वर पाहत विचारले,

"आई, आजोबांना बरोबर दिसलं होतं ना? मग ते तिकडं का बसलेत?"